चोरीची व्याख्या : ख्रिस्ती नीतिशिक्षण आणि मजुराची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेपाने.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे आश्चर्य वाटले असेल. ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे आणि त्याचे नीतिशास्त्र माध्यमिक शाळेतील मुलांना कसे शिकविले जाते, हा विषय एखाद्या चर्चच्या सभागृहात शोभला असता. मजुरी, महागाई आणि बेकारी यांच्या अभ्यासासाठी भरलेल्या वर्गात त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच होय. माझे उत्तर असे की, चौदा-पंधराव्या वर्षी न्याय-अन्यायाच्या ज्या व्याख्या मनात रुजतात, त्याच पुढे माणूस मालक म्हणून, मुकादम म्हणून, अधिकारी म्हणून आणि मतदार म्हणून वापरीत असतो. ‘चोरी’ या शब्दाचा अर्थ मुलाला कोण शिकवितो आणि काय शिकवितो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती करावयास हवी.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक आहे, धर्मशास्त्राचा नव्हे. वेतनविषयक सिद्धान्तांचा इतिहास शिकविताना मला या वाङ्मयाकडे वळावे लागले, कारण ‘योग्य मजुरी’ ही कल्पना रिकार्डोच्या किती तरी शतके आधी धर्मशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत आढळते. तेव्हा आज जे मांडावयाचे आहे ते एवढेच : मजुराची न्याय्य मजुरी रोखून धरणे ही चोरी आहे, आणि चोरलेले परत केल्यावाचून नुसता पश्चात्ताप पुरा पडत नाही, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र त्याच्या स्वतःच्या प्रमाणग्रंथांतून सांगते. मुलांच्या वर्गात मात्र हा धडा पुष्कळदा दप्तरातल्या पेन्सिलीपाशी आणि आईच्या डब्यातल्या सुट्या पैशांपाशी थांबतो. उरलेला अर्धा धडा कोणता, आणि त्याच्याशी आपला काय संबंध, हे पाहू.

विश्वासाची चौकट

नीती समजून घ्यावयाची तर ती ज्या श्रद्धेवर उभी आहे ती आधी पाहिली पाहिजे. ख्रिस्ती मुलाला प्रारंभी शिकविला जातो तो प्रेषितांचा मतांगीकार. त्यात मोजक्या वाक्यांत सारी चौकट येते : सर्व सृष्टीचा निर्माता असा एक देव आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य आहे, पुत्राने मरियेच्या पोटी मानवदेह धारण केला, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या अमदानीत त्याला क्रुसावर मारण्यात आले, तिसऱ्या दिवशी तो उठला, तो न्याय करण्यास पुन्हा येईल, पापांची क्षमा आहे, देहाचे पुनरुत्थान आहे आणि सार्वकालिक जीवन आहे.

या विधानांच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हे आजचे काम नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याची आहे, ज्याची नाही त्याची नाही. पण प्रत्येक विधानातून एकेक नैतिक निष्कर्ष निघतो, तो श्रद्धा नसलेल्यानेही समजून घेण्याजोगा आहे. मनुष्य देवाच्या प्रतिमेनुसार निर्माण झाला असेल, तर माणसामाणसांत जन्माने उच्चनीच असा भेद राहत नाही. देवाने देह धारण केला आणि तोही नासरेथच्या एका सुताराच्या घरी, तर हाताने काम करणे हलके आहे असे म्हणण्याची सोय उरत नाही. देहाचेही पुनरुत्थान व्हावयाचे असेल, तर देह म्हणजे वापरून टाकून देण्याची वस्तू नव्हे. आणि भुकेचा प्रश्न हा आत्म्याच्या प्रश्नापेक्षा गौण ठरत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यात न्यायाधीश कोणाच्याही मतांगीकाराची उजळणी घेत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, परक्याला घरात घेतले काय, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची भेट घेतली काय, हेच तो विचारतो.

हे शिक्षण प्रश्नोत्तरांच्या रूपाने देण्याची पद्धत जुनी आहे. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली घराघरांतून शिकविण्यासाठी आपली लहान प्रश्नोत्तरी काढली; रोमन कॅथलिक चर्चची प्रश्नोत्तरी ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघाली. आपल्या भाषांनाही ही परंपरा परकी नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिले आणि ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्या धर्मात आलेल्या लोकांना जुनी पुराणे वाचण्याची बंदी होती. तेव्हा आम्हांला आमच्या भाषेत काही तरी वाचावयास द्या, असे मागणे त्यांनी केल्याचे त्या ग्रंथाच्या आरंभीच नमूद आहे. त्याच स्टीफन्सची कोंकणीतील प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाली. आज वसईच्या गावांत रविवारी मिस्सेच्या आगेमागे मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, त्यांचे मूळ असे चार शतके मागे जाते.

अलीकडच्या काळात कॅथलिक चर्चने आपली सर्वसमावेशक प्रश्नोत्तरी १९९२ साली जाहीर केली. तिच्या आधारे खास तरुणांसाठी ‘यूकॅट’ हे पुस्तक २०११ साली निघाले. त्याचे चार भाग आहेत : काय मानावे, उपासना कशी करावी, जगावे कसे आणि प्रार्थना कशी करावी. पुढे २०१६ साली केवळ सामाजिक शिकवणुकीसाठी ‘डोकॅट’ हे स्वतंत्र पुस्तक काढावे लागले. ते काढावे लागले, यातच पहिल्या धड्यात काही तरी राहून जात होते याची कबुली आहे, असे मी समजतो.

पाप कशाला म्हणावे

आता नीतीकडे येऊ. दहा आज्ञा, देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करण्याची दुहेरी आज्ञा आणि डोंगरावरील प्रवचन हे या नीतिशास्त्राचे आधार आहेत. त्यांवर शतकानुशतके जी मीमांसा झाली तिचे स्वरूप पुष्कळसे आपल्या न्यायशास्त्रासारखे काटेकोर आहे. कोणतेही कृत्य तीन अंगांनी तपासावे, असे मुलांना सांगितले जाते : कृत्य स्वतः काय आहे, करणाऱ्याचा हेतू काय आहे आणि परिस्थिती काय आहे. चांगल्या हेतूने वाईट कृत्य चांगले होत नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम होय. पाप घातक ठरण्यास तीन अटी आहेत : बाब गंभीर असली पाहिजे, करणाऱ्याला पूर्ण जाणीव असली पाहिजे आणि त्याने ते स्वेच्छेने केलेले असले पाहिजे. सदसद्विवेकबुद्धीची निश्चित आज्ञा मोडू नये. पण त्या बुद्धीला शिक्षण देण्याची जबाबदारीही ज्याची त्याने घ्यावी. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब, माहिती करून घेणे शक्य असताना, पुरी पडत नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कारण आजच्या अर्थव्यवस्थेतील अन्याय बहुतांशी न दिसणारा असतो. साखरेच्या पोत्यावर ऊसतोड मजुराने घेतलेल्या उचलीचा हिशेब छापलेला नसतो.

या मीमांसेतले आणखी एक तत्त्व परतफेडीचे. निर्गमाच्या पुस्तकात चोरलेल्या बैलाबद्दल पाच आणि मेंढराबद्दल चार परत द्यावीत असा दंड सांगितला आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येशू घरी आल्यावर आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. येथे दान आणि परतफेड या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत, हे ध्यानात घ्या. अर्धी मालमत्ता हे दान. चौपट भरपाई हे देणे. कॅथलिक शिकवणुकीत पापनिवेदन केल्यावरही, शक्य असेल तेवढे परत करण्याचे बंधन सुटत नाही. देवळाला देणगी दिल्याने नोकराचे बुडविलेले वेतन फिटत नाही, असा याचा साधा अर्थ आहे.

चोरीची मोठी व्याख्या

चोरीची मनाई करणारी आज्ञा कॅथलिक व ल्यूथरन यांच्या गणनेत सातवी आहे, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांच्या गणनेत आठवी. क्रमांकाचा हा भेद सोडला तर अर्थाच्या बाबतीत जुने आचार्य बरेचसे एकमताचे आहेत. चौथ्या शतकातील संत बेसिलने श्रीमंत श्रोत्यांना बजावले की, घरात पडून राहिलेली भाकरी भुकेल्याची आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे असते. पोप ग्रेगरी पहिला याने सांगितले की, गरजूला जरुरीचे देतो तेव्हा आपण दया करीत नाही, न्यायाचे देणे फेडीत असतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने खासगी मालकीचे समर्थन केले खरे, पण संपत्तीची व्यवस्था खासगी असली तरी तिचा उपयोग सर्वांसाठी असावा, अशी अट घातली. आणि प्राणावर बेतलेल्या गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरीच नव्हे, असा निर्वाळा दिला. ल्यूथरने १५२९ सालच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत बाजारात फसविणारे व्यापारी आणि कामचुकार नोकर यांच्याबरोबरच प्रतिष्ठेच्या खुर्चीत बसून देश लुटणाऱ्या बड्या चोरांनाही याच आज्ञेखाली ओढले आहे.

१९९२ च्या कॅथलिक प्रश्नोत्तरीत या आज्ञेखाली जी यादी येते ती मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे. उसने घेतलेले परत न करणे, व्यापारात लबाडी करणे, अन्यायाने कमी मजुरी देणे, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढविणे, कर चुकविणे, खोटी बिले करणे, आणि काम वाईट रीतीने करणे. शेवटची बाब कामगारांच्याही वाट्याची आहे. ती आपण गाळू नये.

मजुरीविषयी तर धर्मग्रंथच फार कठोर आहे. अनुवाद या पुस्तकात रोजंदारी मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच दिवशी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्यावर लागलेले असते, अशी आज्ञा आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच धनिकांविरुद्ध आक्रोश करते, असे वर्णन आहे. यावरून कॅथलिक परंपरेत ‘स्वर्गाकडे आक्रोश करणारी’ काही पापे मोजली जातात. खुनाच्या पापाशेजारी मजुराची मजुरी बुडविणे हे पाप त्या यादीत बसविलेले आहे. दोन्ही पक्षांनी करार मान्य केला एवढ्यावरून मजुरीचा आकडा नैतिक दृष्ट्या न्याय्य ठरत नाही, असेही ही प्रश्नोत्तरी स्पष्ट सांगते. मुक्त बाजाराचे अर्थशास्त्र नेमके याच्या उलट बोलते : दोघे राजी, तर तक्रार कसली? भुकेल्याचा होकार हा मोकळा होकार नव्हे, हे उत्तर आपल्या चळवळीचे म्हणून आपण ओळखतो. ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकातही आहे.

द्राक्षमळ्यातून सर्वोदयाकडे

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवितो. मग पुन्हा पुन्हा नाक्यावर जातो आणि उरलेल्यांना घेऊन येतो. दिवस मावळण्यास एक तास उरला असताना जे उभे दिसतात त्यांना तो विचारतो की, दिवसभर रिकामे का राहिलात? आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी तो सर्वांना सारखाच एकेक दिनार देतो. दिनार ही त्या काळी रोजंदारी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

धर्मशास्त्रज्ञ म्हणतात की, हा दाखला देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या धोरणाविषयी नाही. आणि ते म्हणणे मला मान्य आहे. पण दाखला समजावा म्हणून ऐकणाऱ्याला एक गोष्ट आधी पटावी लागते : ज्याला काम मिळाले नाही त्याचेही पोट दिवसभराचेच असते. जॉन रस्किनने १८६० साली राजकीय अर्थशास्त्रावर जे चार घणाघाती निबंध लिहिले, त्यांच्या पुस्तकाचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव याच दाखल्यातील धन्याच्या बोलण्यातून घेतलेले आहे. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना ते पुस्तक गांधीजींच्या हाती पडले. त्यांनी ते आगगाडीत रात्रभर वाचले आणि त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत सुरू केली. १९०८ साली त्यांनी गुजरातीत त्याचा सारांश दिला, त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा धडा त्यांनी तेथूनच घेतला. सर्वोदय हा शब्द आपण व्यासपीठावरून शेकडो वेळा उच्चारतो; त्याच्या उगमाशी नाक्यावर उभा असलेला एक बेकार मजूर आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

रोमची भूमिका

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. रोमच्या धर्मपीठाने समाजवादाचे स्वागत केलेले नाही. पोप लिओ तेरावा याच्या १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्राचा पहिला रोख समाजवादाविरुद्ध आहे आणि त्यात खासगी मालमत्तेच्या हक्काचे ठाम मंडन आहे. १९३१ साली पायस अकरावा याने, खरा समाजवादी आणि चांगला कॅथलिक एकाच वेळी होता येत नाही, असे जाहीर केले. पण त्याच १८९१ च्या परिपत्रात कामगारांच्या संघटनांचा हक्क मान्य केलेला आहे, आणि काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी करारापेक्षा श्रेष्ठ अशा न्यायाने देणे लागते, असेही बजाविलेले आहे. पोप सहावा पॉल १९६४ साली मुंबईस आला होता. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारावा, असे आवाहन त्याने येथूनच केले आणि १९६७ सालच्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रात त्याचा पुनरुच्चार केला. पोप जॉन पॉल दुसरा याने १९८१ साली श्रम हा भांडवलापेक्षा श्रेष्ठ असे तत्त्व मांडले आणि १९८७ साली ‘पापाच्या संरचना’ हा शब्दप्रयोग रूढ केला. २०२५ साली निवडून आलेल्या पोपने लिओ चौदावा हे नाव घेताना १८९१ च्या त्या परिपत्राचा हवाला दिला आणि यंत्रबुद्धीच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे असे सांगितले.

यांपैकी १९८१ च्या परिपत्रातील एक कल्पना माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या माणसाला विशेष वाटते. ती आहे ‘अप्रत्यक्ष मालका’ची. मजुरी देणारा प्रत्यक्ष मालक एक असतो. पण त्याला किती मजुरी देणे परवडते, हे कायदे, शासन, बाजारभाव आणि देशादेशांतील व्यापार ठरवितात. हे सर्व मिळून अप्रत्यक्ष मालक होतात. नुसत्या नीत्युपदेशाची मर्यादा येथे उघड होते. समजा, एखाद्या भाविक कारखानदाराने न्याय्य मजुरी देण्याचे ठरविले आणि शेजारच्याने ते ठरविले नाही, तर बाजारात मार पहिल्यालाच बसतो. त्याच्या सद्‌बुद्धीचे रक्षण व्हावयाचे असेल तर सर्वांना बांधणारा कायदा हवा. १९४८ साली आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला त्याचे आर्थिक तर्कशास्त्र हेच होते. आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय, असा निर्णय दिला. उपासमारीची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, हे त्या निर्णयामागचे सूत्र. याकोबाच्या पत्रातून जो आक्रोश येतो आणि न्यायालयाच्या निकालपत्रातून जो तर्क येतो, ते दोन्ही एकाच मुक्कामी पोहोचतात.

वर्गात काय व्हावे

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला त्या वर्गात बसण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून अनेक ख्रिस्ती शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात त्या वेळी इतर मुलांना नीतिशिक्षणाचा तास असतो. ही व्यवस्था मला योग्य वाटते. धर्म शिकविणे आणि धर्मांविषयी शिकविणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांतली दुसरी संविधानाशी विसंगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. नाताळाच्या आसपास मिशनरी शाळांविरुद्ध जी कुजबूज सुरू होते तिला कार्यकर्त्याने हा अनुच्छेद दाखवावा, आणि शाळेनेही त्याचे अक्षरशः पालन करावे.

आपली अपेक्षा धडा पुरता व्हावा एवढीच असावी. चोरीविषयीच्या आज्ञेचा तास घेणाऱ्या शिक्षकाने मुलांपुढे परीक्षेतील नक्कल आणि तिकीट न काढता केलेला प्रवास हे प्रश्न अवश्य ठेवावेत. त्यांच्यापाठोपाठ आणखी काही ठेवावेत. घरी धुणीभांडी करणारी बाई तापाने चार दिवस आली नाही आणि आईने तिचा खाडा धरला. आपल्या वडिलांच्या कचेरीत मात्र आजारपणाची रजा भरपगारी आहे. मग या दोन नियमांत न्याय कोठे आहे? कंत्राटदाराने रजिस्टरवर एक आकडा लिहून हातावर दुसरा ठेविला, तर फरकाची रक्कम कोणाची? उसाच्या फडावर नवराबायकोच्या कोयत्याला मिळालेल्या उचलीत पुढच्या हंगामाची मजुरी आधीच गहाण पडली, तर त्या कराराला मोकळा करार म्हणता येईल काय? कृत्य, हेतू आणि परिस्थिती ही जी तीन अंगे शिक्षकाने फळ्यावर लिहून दिली, त्यांनीच ही उदाहरणे तपासावीत. पंधरा वर्षांच्या मुलांना हे पेलत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी त्या वयाच्या मुलांशी बोलून पाहावे. मोठ्यांच्या दुटप्पीपणाची नोंद त्या वयात जितकी चोख होते तितकी पुढे होत नाही.

आणि ख्रिस्ती संस्थांनी हा आरसा स्वतःपुढेही धरावा. बाप्तिस्म्याने सर्व सारखे होतात असे शिकविणाऱ्या चर्चमध्ये भारतात जात शिल्लक राहिली. दलित ख्रिस्ती बांधवांना अस्पृश्यतेचा अनुभव चर्चच्या आतही येतो, हे भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ सालच्या आपल्या धोरणपत्रात मान्य केले. देवाच्या प्रतिमेचा सिद्धान्त शिकविणाऱ्याच धर्मसत्तेने गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आणले आणि ते अखेरचे बंद होण्यास १८१२ साल उजाडले. पंधराव्या शतकातील ज्या पोपच्या आज्ञापत्रांनी परक्या भूमी बळकाविण्यास आणि तेथील लोकांना गुलाम करण्यास आधार पुरविला, त्यांतून निघालेला सिद्धान्त आपला नव्हे, असे धर्मपीठाने २०२३ साली जाहीर केले. मुलांपासून हा इतिहास लपवू नये. सदसद्विवेकबुद्धीला शिक्षण द्यावयाचे तर आपल्या संस्थेचे दोष हा त्या शिक्षणाचा भाग झाला पाहिजे. ख्रिस्ती शाळा व रुग्णालये यांतील शिपाई, आया आणि तात्पुरते शिक्षक यांना काय वेतन मिळते, हाही त्याच आज्ञेखालचा प्रश्न आहे.

आपले काम

मित्रहो, हा आरसा आपल्याकडेही वळतो. आपल्या युवक शिबिरांत आपण वर्गसंघर्ष, विकेंद्रीकरण, जातिनिर्मूलन यांवर व्याख्याने ठेवतो. पण कार्यकर्त्याने स्वतःच्या घरच्या गड्याला, शेतावरच्या बाईला, छापखान्यातल्या जुळाऱ्याला काय द्यावे, याचा तास आपल्या अभ्यासक्रमात असत नाही. व्यवस्था बदलली की व्यक्ती आपोआप सुधारेल, असे आपण गृहीत धरतो. व्यक्ती सुधारली की व्यवस्था आपोआप बदलेल, असे धर्मोपदेशक गृहीत धरतात. दोन्ही गृहीते अनुभवाला उतरलेली नाहीत. मालकाचे मन आणि देशाचा कायदा या दोन्ही ठिकाणी काम करावे लागते, आणि त्यांतले एक काम करणाऱ्याने दुसरे करणाऱ्याला शत्रू मानण्याचे कारण नाही.

समाजवाद आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांतले मतभेद खरे आहेत. मालमत्तेचा हक्क, कुटुंब आणि स्त्रीचे स्थान, धर्मसत्तेचा अधिकार या बाबतीत ते राहतीलच, आणि ते झाकून ठेवण्याने कोणाचाच लाभ नाही. मजुरीच्या प्रश्नावर मात्र समोरचा माणूस आपल्याच भाषेत बोलावयास तयार आहे. आपल्या गावातील धर्मगुरूशी, चर्चच्या शाळेतील शिक्षकाशी बोलताना आपण मार्क्सचा किंवा लोहियांचा आधार देण्याची गरज नाही. त्यांच्या प्रश्नोत्तरीतील चोरीच्या आज्ञेचे पान काढावे आणि गावातल्या वीटभट्टीवर, फडावर, बांधकामावर मजुरी किती मिळते ते त्यासमोर मांडावे. त्यासाठी आधी आपल्याला दोन्ही माहीत हवे : ते पान आणि तो आकडा.

म्हणून शेवटी एकच काम सुचवितो. या वर्गातून परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातील रोजंदारीचे दर, स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे, लिहून काढावेत. शासनाने ठरविलेले किमान दर त्यांच्यासमोर लिहावेत. आणि त्या दोहोंतील फरकाला काय नाव द्यावे, हा प्रश्न गावातील दहावीच्या मुलांना विचारावा. त्यांचे उत्तर पुढच्या अभ्यासवर्गात ऐकावयास मला आवडेल.